सकाळचा मी आणि संध्याकाळचा मी

गोंदिया सोडून तिरोड्याच्या वाटेला लागले की दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या सुरू होतात. दिवाळीच्या सुमारास हलका धान कापणीला आलेला असतो, भारी धान अजून उभा असतो, आणि साऱ्या मुलखाला ओल्या तणसाचा गोडसर वास येत असतो. अशा दिवसांत त्या बाजूच्या एका खेड्यात चार दिवस राहण्याचा योग आला. माझा मावसभाऊ तेथे प्राथमिक शाळेत गुरुजी होता. संध्याकाळी आम्ही ओसरीवर चहा घेत बसलो असता एक पन्नाशीचा गृहस्थ नव्या धानाचे पोहे घेऊन आला. राईस मिलमध्ये पोती उचलण्याचे काम करून त्याचे खांदे एखाद्या पहिलवानासारखे झाले होते.

"हे आमच्या गावचे एके काळचे नामांकित दारुडे," मावसभाऊ हसत म्हणाला, "सात वर्षे झाली, थेंबाला शिवले नाहीत."

मी शहरी माणसाच्या सवयीने लगेच प्रशस्तिपत्र देऊन टाकले, "वा! मनाचा निग्रह असावा तर असा."

तो गृहस्थ ओशाळल्यासारखा हसला. "निग्रह कायचा जी! सोडाची इच्छा तं मी रोजच करत होतो. सकारी उठलो का कान धरून म्हनो, आता पेत नाही. सांज झाली का पाय आपल्याच मनानं भट्टीकडे चालू लागत. सकारचा मी खरा का सांजचा मी खरा, हेच मले समजे नाही जी."

पोह्यांची पिशवी ठेवून तो निघून गेला, पण त्याचा प्रश्न काही माझ्या मनातून जाईना. सकाळचा मी खरा, की संध्याकाळचा? तत्त्वज्ञानाच्या जाडजूड ग्रंथांत 'इच्छास्वातंत्र्य' या नावाने ज्याची चर्चा चालते, तो हाच प्रश्न. त्याला उत्तर देण्यासाठी विसाव्या शतकात एका इंग्रजाने चक्क एक नवा धर्मच काढला होता. तो इंग्रज आणि हा हमाल, या दोघांची गाठ माझ्या मनात त्या संध्याकाळी पडली ती कायमची.

कैरोतील तीन दुपारी

या इंग्रजाचे नाव ॲलिस्टर क्राउली. जन्म १८७५ चा. घराणे पैसेवाले, आणि मौज अशी की तो पैसा आला होता बिअरच्या भट्ट्यांतून. मात्र घरात वातावरण अत्यंत कर्मठ ख्रिस्ती पंथाचे. बायबलापलीकडचे फारसे काही घरात शिरू द्यायचे नाही, असा खाक्या. वडील तो अकरा वर्षांचा असताना वारले. पुढे मुलगा केंब्रिजला गेला, पदवी न घेताच बाहेर पडला, कविता लिहू लागला, हिमालयात गिर्यारोहण करू लागला. १९०२ साली के-टू शिखरावर आणि १९०५ साली कांचनगंगेवर गेलेल्या तुकड्यांत तो होता. शिवाय गूढविद्येचा, म्हणजे मंत्र, यंत्र, गुप्त दीक्षा, अदृश्य शक्तींचे आवाहन या सगळ्याचा त्याला विलक्षण नाद. १९०१ साली तो सिलोनात राहिला, कँडी येथे एका मित्राबरोबर त्याने आसन, प्राणायाम आणि ध्यान यांचा कसून अभ्यास केला, मग मदुरा, कलकत्ता असा हिंडला. विवेकानंदांचा 'राजयोग' त्याने वाचलेला होता.

१९०४ साली तो नवपरिणीत पत्नीसह कैरोस एका बिऱ्हाडात राहत होता. एप्रिलच्या ८, ९ आणि १० तारखेस रोज दुपारी बरोबर बारा ते एक या वेळात आपल्याला एक आवाज ऐकू आला आणि त्याने सांगितले ते आपण लिहून घेतले, असे त्याचे म्हणणे. तीन तासांत तीन छोटी प्रकरणे तयार झाली. हाच त्याच्या धर्माचा ग्रंथ. धर्माचे नाव 'थेलेमा'. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ 'इच्छा'. हा शब्द त्याच्याही आधी, १५३४ साली, राबले या फ्रेंच विनोदी लेखकाने एका काल्पनिक मठाच्या नावासाठी वापरला होता. त्या मठात नियम असा एकच, की ज्याने त्याने आपल्या इच्छेप्रमाणे वागावे.

क्राउलीच्या धर्माचेही मुख्य सूत्र हेच. स्वतःच्या इच्छेने चाल, यातच सारा कायदा आला, असा त्याचा आशय. हे वाचल्यावर कोणाही आईबापाच्या कपाळाला आठी पडेल! आमच्या घरातील चिरंजीव आणि कन्यका या धर्माचे अनुयायी कधीपासूनच झाले आहेत, असेही काही वाचकांना वाटेल. इंग्लंडातील वर्तमानपत्रांनाही तसेच वाटले. त्यांनी क्राउलीला जगातला सर्वांत दुष्ट माणूस ठरवून वर्षानुवर्षे आपला खप वाढवला. त्यानेही वागण्याबोलण्यात त्यांना काही कमी पडू दिले नाही.

परंतु त्याच्या लिखाणात थोडे खोल गेले की निराळीच गोष्ट दिसते. क्राउली वारंवार बजावतो की इच्छा वेगळी आणि लहर वेगळी. आकाशातील प्रत्येक ताऱ्याला जशी आपली ठरलेली कक्षा असते, तशी प्रत्येक माणसाला जन्माबरोबर एक खरी इच्छा मिळालेली असते. ती शोधून काढायची आणि मग तिच्यापासून तसूभरही ढळायचे नाही. सगळे आपापल्या कक्षेत फिरले तर कोणाचीच कोणाशी टक्कर होणार नाही. लहरीमागे धावणारा तारा मात्र दुसऱ्यावर आदळणार. म्हणून हा धर्म वरवर मोकळीक देणारा दिसला तरी आचरायला कठोर, असे तो म्हणे.

वस्तरा आणि जेवणाचे ताट

आणि कठोर तो खरोखरच होता. १९२० साली क्राउलीने सिसिली बेटावर चेफालू गावाबाहेर एक जुने घर भाड्याने घेऊन तेथे आपला मठ मांडला. तेथील एक साधना ऐकून अंगावर काटा येतो. आठवडाभर एखादा साधा शब्द, समजा 'मी' हा शब्द, उच्चारायचा नाही, असे व्रत घ्यायचे. चुकून तोंडातून गेलाच, की हातातल्या वस्तऱ्याने स्वतःच्याच हातावर एक चीर मारायची. हातावरच्या चिरा मोजल्या की आपले मन आपल्या ताब्यात किती आहे याचा हिशोब मिळतो, असा त्यामागचा विचार.

दुसरी प्रथा सौम्य आणि आपल्याला ओळखीची वाटेल अशी. जेवायला बसण्यापूर्वी एकाने विचारायचे की तुझी इच्छा काय. दुसऱ्याने सांगायचे की खाणेपिणे ही माझी इच्छा. ते कशासाठी? शरीराला बळ यावे म्हणून. बळ कशासाठी? जीवनातले मोठे कार्य पार पडावे म्हणून. आपल्याकडे पानावर बसल्यावर श्लोक म्हणतात, अन्न हे यज्ञकर्म आहे याची आठवण करून देतात. तोच हा प्रकार. फरक एवढाच की आपण देवाचे स्मरण करतो, तो स्वतःच्या उद्दिष्टाचे स्मरण करी.

पण या मठाचा अंत वाईट झाला. १९२३ च्या फेब्रुवारीत एक तरुण इंग्रज शिष्य तेथे आजारी पडून मरण पावला, इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी हलकल्लोळ केला, आणि त्याच वर्षी मुसोलिनीच्या सरकारने क्राउलीला देशाबाहेर काढले.

त्याहूनही वाईट गोष्ट घराच्या आतच घडत होती. क्राउलीला दम्याचा विकार होता. त्या काळात दम्या-खोकल्यावर हेरॉईन हे रीतसर औषध समजले जाई. एका नामांकित जर्मन कंपनीने १८९८ पासून ते बाजारात आणलेले होते. डॉक्टरने लिहून दिलेल्या त्या औषधाने क्राउलीची मानगूट धरली ती धरलीच. १९२२ साली फ्रान्समध्ये राहून त्याने स्वतःच स्वतःचा वैद्य होऊन हे व्यसन सोडण्याचा प्रयोग केला. आज किती वेळा घेतले, किती वेळ टाळले, घेताना मनाला कोणती सबब दिली, हे सारे रोजनिशीत टिपले. त्याच वर्षी त्याची एक कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत व्यसनात बुडालेले एक जोडपे आपली खरी इच्छा सापडताच व्यसनमुक्त होते, असे दाखवले आहे.

कादंबरीतले जोडपे सुटले. लेखक सुटला नाही. मधूनमधून सुटका झाली, पण म्हातारपणी दम्याबरोबर हेरॉईन परत आले. १ डिसेंबर १९४७ रोजी इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे एका खानावळवजा घरात बहात्तराव्या वर्षी तो वारला, तेव्हा पैसा संपलेला होता आणि रोजची सुई चालू होती. इच्छाशक्तीचा धर्म स्थापन करणाऱ्याचीही सकाळ आणि संध्याकाळ वेगळीच राहिली!

मुंबई बंदरावर उतरलेला साधक

क्राउलीला तरुणपणी भेटलेला एक इंग्रज पुढे आपल्या मुंबईत येऊन गोसावी झाला, हे फार थोड्यांना माहीत असेल. लॉरेन्स माइल्स हे त्याचे मूळ नाव. जन्म १९११, लंडनचा. पूर्वेकडे जा असा सल्ला क्राउलीनेच आपल्याला दिला, असे तो सांगे. १९५३ साली तो मुंबईस पोहोचला. तेथे लोकनाथ नावाच्या नाथपंथी साधूकडून त्याला दीक्षा मिळाली आणि तो महेंद्रनाथ झाला. पुढे गुजरातेत मेहमदाबादला त्याने आश्रम केला आणि १९९१ साली तेथेच देह ठेवला.

गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि निवृत्तिनाथांकडून ज्ञानेश्वरांना ज्या नाथपंथाचा वारसा मिळाला, त्याच्याशी या इंग्रजाने क्राउलीच्या विचाराचे नाते जोडले. त्यासाठी त्याने आपल्याच तंत्रग्रंथांतला एक शब्द उचलला, 'स्वेच्छाचार'. मराठीत हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. स्वेच्छाचारी म्हणजे बेबंद, कोणाला न जुमानणारा. महेंद्रनाथांच्या मते मात्र स्वेच्छाचार ही साधनेच्या शेवटाची अवस्था आहे, सुरुवातीची नव्हे. ज्याच्या मनातला हट्ट, भीती आणि हाव गळून गेली, त्याची इच्छा आणि त्याचा सहजभाव एकच होतात. अशा माणसाने आपल्या इच्छेने वागावे. तोपर्यंत मात्र आपण ज्याला 'माझी इच्छा' म्हणतो ती कोणाची आहे, हे तपासत राहावे.

गीतेचा शेवटचा शब्द

खरे पाहता हा विचार मराठी घराला नवा नाही. अठरा अध्याय उपदेश केल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला काय सांगतात? हे सारे नीट ध्यानात घे आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसे कर, असे सांगतात. म्हणजे गीतेतही अखेरचा निर्णय अर्जुनाच्या इच्छेवरच सोपवलेला आहे! पण तो पहिल्या अध्यायात सोपवलेला नाही. पहिल्या अध्यायातही अर्जुनाला इच्छा होतीच, धनुष्य टाकून निघून जाण्याची. ती इच्छा होती की त्या घटकेची लहर, हे ठरायला मधले अध्याय लागले.

त्याच गीतेत, तिसऱ्या अध्यायात, अर्जुनाने आमच्या हमालाचाच प्रश्न विचारला आहे. मनात नसताना, जणू कोणी बळजबरीने ढकलावे तसा माणूस वाईटाकडे का जातो? लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त तर 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' असे एक संपूर्ण प्रकरणच या विषयाला दिले आहे. पूर्वकर्माच्या ओढीने माणूस बांधलेला असला तरी त्या ओढीविरुद्ध थोडेथोडे वळण्याची शक्ती आत्म्यात आहे, आणि अभ्यासाने ती वाढते, असा त्या विवेचनाचा रोख. एका दिवसात कोणी मुक्त होत नाही. पण आज वळले तर उद्याचे वळणे सोपे होते.

क्राउलीपाशी अभ्यास होता, बुद्धी होती, धैर्य तर अचाट होते. मग कमी काय पडले? याचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. ते मिळाले धानाच्या मुलखात.

भिंतीवरची दोन अक्षरे

त्या खेड्यात फिरताना कित्येक घरांच्या दर्शनी भिंतीवर 'परमात्मा एक' असे शब्द रंगवलेले दिसले. मी मावसभावाला विचारले. तो म्हणाला, "ही बाबांच्या मार्गातली घरे. आपला हमालही त्यांतलाच."

हे बाबा म्हणजे नागपूरचे जुमदेवजी ठुब्रीकर. १९२१ साली विणकर कुटुंबात जन्मले, १९९६ साली निवर्तले. घरात एकामागून एक दुखणी येऊ लागली, करणी-भूतबाधेच्या शंका निघू लागल्या, तेव्हा कोणी दिलेला हनुमंताचा मंत्र घेऊन त्यांनी कडक अनुष्ठान केले, अशी या पंथाच्या आरंभाची हकीकत सांगतात. म्हणजे येथेही सुरुवात मंत्रविद्येपासूनच झाली! पण पुढे त्यांनी मंत्र-तंत्र, अंगात येणे, बुवाबाजी हे सारे दूर सारले आणि एकच परमेश्वर मानावा, सत्य, मर्यादा आणि प्रेम यांनी वागावे, असा साधा उपदेश सुरू केला. १९६९ साली नागपुरास त्यांचे सेवक मंडळ स्थापन झाले. नागपूर, भंडारा, गोंदिया या भागांत, विशेषतः कष्टकरी वस्त्यांत, त्यांचा मार्ग मोठ्या प्रमाणात पसरला. अनुयायांना 'सेवक' म्हणतात.

या मार्गात येणाऱ्याला वाईट सवयींचा त्याग करावा लागतो. त्यागाची यादी ऐकली की तिकडचे सगळे ग्रामजीवन डोळ्यांपुढे उभे राहते. दारू तर आहेच. पण सट्टा, जुगार, लॉटरी, बैलांच्या पटावर लावलेली होड आणि कोंबड्याच्या पायाला धारदार काती बांधून लावलेली झुंज, हेही त्यात आहे. शिवाय घरात एकोपा ठेवायचा, कुटुंब मर्यादित ठेवायचे.

मला त्यातली सर्वांत महत्त्वाची वाटली ती गोष्ट अशी, की हा त्याग एकट्या कर्त्या पुरुषाचा नसतो. साऱ्या कुटुंबाने मिळून तो करायचा असतो. बायको, मुले, म्हातारी आई, सर्वांनी एका जागी बसून एकच विनंती करायची. मग दारू सोडणारा माणूस घरातला आरोपी राहत नाही. सारेच घर एका व्रतात असते.

याची किंमतही मोजावी लागते, हे सांगितले पाहिजे. पिढ्यानपिढ्या पुजलेल्या मूर्ती, तसबिरी घराबाहेर काढायच्या, हे कित्येकांच्या जिवावर येते. भावकीत अबोला धरला जातो. शिवाय याच जिल्ह्यातील सालेकसा, देवरी भागातल्या गोंड समाजात मोहाच्या फुलांची दारू देवाच्या पूजेतही लागते. तिच्याकडे ते केवळ व्यसन म्हणून पाहत नाहीत. आणि एक गोष्ट तर प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. अनेक वर्षे भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्राणावरही बेतू शकते. तेथे शपथेबरोबर डॉक्टरही हवा. व्यसन हा केवळ मनाचा नादानपणा नसून आजार आहे, हे आता वैद्यकाने मान्य केले आहे. पुण्याला डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केले, तेव्हा औषधांच्या जोडीला त्यांनी घरच्या माणसांनाही उपचारात ओढले ते याचसाठी. अमेरिकेत १९३५ साली दोन दारुड्यांनी काढलेली 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही संस्था तर पहिली पायरी म्हणून कबुलीच मागते, की दारूपुढे माझे काही चालत नाही.

पहा, किती उलटे आहे! क्राउली म्हणाला, माझी इच्छा सर्वश्रेष्ठ. आणि सुईपुढे हरला. हे लोक म्हणतात, एकट्याची इच्छा पुरी पडत नाही. आणि त्यांच्यातले कित्येक जिंकतात. यावरून क्राउलीचा विचार खोटा ठरतो असे मला वाटत नाही. इच्छा आणि लहर यांतला भेद त्याने अचूक दाखवला. पण इच्छा शोधायची ती एकट्याने आणि टिकवायची तीही एकट्यानेच, या आग्रहात त्याची फसगत झाली असावी. वस्तऱ्याने मारलेल्या चिरा मोजायला दुसरे कोणी नव्हते. ताऱ्यांच्या कक्षेचा दृष्टांत त्याने दिला खरा. पण तारादेखील अंतराळात एकटा नसतो. दुसऱ्यांच्या ओढीनेच त्याची कक्षा ठरते.

निघायच्या दिवशी तो गृहस्थ गिरणीच्या वाटेवर पुन्हा भेटला. सायकलच्या दांडीला जेवणाचा डबा लटकवलेला होता. मी त्याला म्हटले, "परवा तुम्ही म्हणालात, सकाळचा खरा की संध्याकाळचा खरा ते समजत नव्हते. आता समजले का?"

त्याने सायकल थांबवली. क्षणभर विचार करून तो म्हणाला, "समजलं का नाही ते सांगता येत नाही जी. सांजच्याले मन अजूनबी कधी कधी भट्टीकडे पायते. पन घरी बायको-पोरं विनंतीले बसाले वाट पायत रायतात. आता सांजचा मी एकटा नसतो."

एवढे बोलून त्याने पायडल मारले. भोंगा व्हायची वेळ झाली होती.